गादीखालचं पाणी

डोंगरकडा गावची जुलेखाबी पिंजारीण होती. नवरा नासेर वारला तेव्हा त्याचं कापूस पिंजायचं पिंजण कुणाला तरी देऊन टाक, असं चार जणांनी तिला सांगितलं. बाईमाणसानं पिंजण धरायची रीत नव्हती. तिनं धरलं. पहिल्या वर्षी खांदा सुजायचा, पुढं सवय झाली. हळूहळू आसपासच्या गावांतल्या लग्नाच्या गाद्या तिच्याच हातच्या जाऊ लागल्या. वरून नुसता तळवा फिरवला तरी आत कुठं गाठ राहिली ते तिला कळायचं.

एकोणचाळीस सालच्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या माळावर एक नवलाची बैलगाडी येऊन थांबली. खालचा भाग सगळा पत्र्याचा, वर ताडपत्रीचं छत. मुक्काम पडला की दोन्ही अंगांच्या ताडपत्र्या बाहेर ओढून बांधायच्या, की झाली खोली. हैदराबादेच्या एका धर्मादाय संस्थेनं अनुसूयाबाई नावाच्या नर्सला या गाडीतून गावोगाव बाळंतपणं करायला पाठवलं होतं. गाडी हाकायला भावसिंग होता. निजायला आत पत्र्याचा रुंद बाक होता, आणि त्यावरची गादी बाईंनी आल्या आल्या जुलेखाबीकडूनच भरून घेतली.

आठवडाही झाला नसेल, भावसिंग दारात उभा.

"चाची, बाईनं बोलावलंय. गादी खालून वली होऊन राहिली."

"काई सांडलं आसंल."

"काईच न्हाई सांडलं. आभाळ बी न्हाई. तरी रोज सकाळी वलीच."

जुलेखाबी गेली. गादी उलटली तर खालचं कापड चिंब, त्यावर बुरशीचे काळे ठिपके. वरची बाजू मात्र कोरडी ठाक. तिनं वाकून गाडीखाली पाहिलं. खालची माती कोरडी, धूळ उडत होती. बाकाचा पत्रा मात्र ओला. आपलाच कापूस दमट निघाला की काय, या विचारानं तिचं तोंड उतरलं.

"बाई, गादी माज्या हातची हाय. दुसरी भरून देते, जाड."

तिनं दुप्पट कापसाची गादी भरून दिली. दुसऱ्या दिवशी तीही खालून ओली, आणि पहिलीपेक्षा जास्तच.

"कापसाचा दोष नाही, जुलेखाबी," अनुसूयाबाई म्हणाल्या. "उद्या उजाडताना ये. दाखवते."

सकाळी माळावर कडाक्याचा गारठा होता. बाईंनी तिला गार पत्र्यापाशी बसवलं आणि त्यावर तोंडानं वाफ सोडायला सांगितलं. जुलेखाबीनं हा करून श्वास सोडला. पत्रा धुरकटला. तिनं पुन्हा सोडला, पुन्हा सोडला. धुरकटपणाचे बारीक थेंब झाले, आणि त्यातला एक ओघळून खाली आला.

"हे पानी माज्यातलं?"

"तुझ्यातलंच. श्वासातून निघतं, अंगातूनही निघतं. निजलेल्या माणसाची वाफ गादीतून खाली उतरते, आणि गार पत्रा लागला की तिचं पाणी होतं. गादी जितकी जाड, तितका खालचा पत्रा गार."

जुलेखाबी त्या थेंबाकडं बघतच राहिली. चाळीस वर्षं ती श्वास घेत होती, हजार माणसांसाठी गाद्या भरत होती, आणि माणूस निजल्या निजल्या असा झरत असतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं ओल्या पत्र्यावर बोट ठेवलं, आणि देवाच्या वस्तूला हात लावावा तसं हळूच मागं घेतलं.

"मंग हे थांबवावं कसं?"

"पाणी कुठून येतं ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "थांबवायचं कसं, ते अजून सुचलं नाही. मी मेणकापड घालून पाहिलं, त्यानं आणखीच बिघडलं."

त्याच दुपारी गावातले किसनराव आपल्या सुनेला घरच्या बैलगाडीत घालून बाईंकडं घेऊन आले. सखुबाईला सातव्यातच कळा सुटल्या होत्या. दिवस मावळायच्या आत पोरगी झाली, कणसाएवढी. रडलीसुद्धा नाही, नुसती कुईकुई केली. आईला हलवायची सोय नव्हती.

"हिला ऊब पाहिजे आणि कोरडं पाहिजे," अनुसूयाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "ओल लागली तर राहायची नाही."

आता गाडीत एकीच्या जागी तिघींचे श्वास होते. जुलेखाबी बाहेर येऊन उभी राहिली. घरात ज्वारीची पोती कधी भुईला टेकवत नाहीत, खाली तुरीच्या वाळल्या काड्या, तुराट्या घालतात, हे तिला आठवलं. तिनं कुंपणाच्या तुराट्या उपसल्या, सुतळीनं विरळ ताटी बांधली, खाली आडवी लाकडं लावून ती पत्र्यापासून चार बोटं उचलून धरली. वर गादी.

"फट ठेवली तर गार वारं शिरंल की," भावसिंग म्हणाला.

"शिरू दे," बाई म्हणाल्या. "खालून वारं फिरलं तर वाफ निघून जाईल. वरची ताडपत्रीही पायथ्याशी थोडी उघडी ठेव. लेकराला आईच्या छातीशी कापसात गुंडाळू." तो कापूस जुलेखाबीनं तिथंच बसून पिंजला, इतका हलका की फुंकर मारली तर उडावा.

सकाळी ती आली तेव्हा किसनराव बाहेर गुडघ्यांत मान घालून बसले होते. आत जायला तिचा पाय उचलेना. शेवटी आत शिरून तिनं गादीखाली हात घातला. कोरडी. खाली पत्र्यावर थेंब जमले होते, पण गादीपर्यंत एकही पोचला नव्हता.

पोरगी हलत नव्हती. अनुसूयाबाईंनी पेटीतला छोटा आरसा काढून तिच्या नाकापाशी धरला. मग आरशावर बाजरीच्या दाण्याएवढं धुकं उमटलं, विरलं, आणि पुन्हा उमटलं.

"या अल्ला," जुलेखाबी पुटपुटली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते तिनं पुसलं नाही.

पुढं महिनाभर गाडी माळावरून हलली नाही. जुलेखाबी रोज गादी उन्हात घालायची, ताटी झाडायची. पोरीनं अंग धरलं, दूध ओढू लागली, आणि एका सकाळी एवढ्या जोरात रडली की बैलांनी कान टवकारले. किसनरावांनी तिचं नाव काय ठेवावं असं जुलेखाबीला विचारलं. तुमच्यात ठेवतात तेच ठेवा, ती म्हणाली. त्यांनी गंगू ठेवलं.

गाडी निघाली तेव्हा बाईंनी ताटी बरोबर नेली. जुलेखाबी वेशीपर्यंत चालत गेली आणि धूळ बसेपर्यंत तिथंच उभी राहिली.