लांडग्याची दहा रीडिंगं

चिखले गावातली दमट दुपार, अंगात फक्त बनियन, खांद्यावर घाम पुसायला पंचा, आणि समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर गुडघाभर बर्फ. अशा थाटात चुरीभाऊ लांडग्याची वाट बघत बसायचे. "सुरेश, आज लोकरीचा कोट घालू की कातड्याचा?" असं त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मी गोंधळून वहिनींकडे बघितलं. वहिनी चिकू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता भावोजी? घरात छत्री कुठे ठेवलीय ते यांना ठाऊक नाही, आणि कोट निवडतायत!"

चुरीभाऊ आमच्या तलासरीच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. मी त्यांच्या हाताखाली लागलो, आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्याच स्टुलावर बसलो. डहाणू-तलासरीतल्या कितीतरी शाळांचे तराजू, मीटर, भिंगं त्यांच्या हाताखालून गेलेली. निवृत्तीनंतरही कुणी ना कुणी पिशवीत काहीतरी बिघडलेलं घेऊन चिखल्याला यायचं. भाऊ ते कानाशी धरून हलवायचे, पेशंट तपासल्यासारखे. "वस्तू खोटं बोलत नाही रे," म्हणायचे. "आपणच तिला बोलू देत नाही."

आमच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. प्रयोगाची दोन रीडिंगं खरी घ्यायची आणि उरलेली आठ मनाने रचायची. मुलं रचतात, आणि परीक्षा तोंडावर आली की आम्ही सहायकच त्यांना आकडे पुरवतो. भाऊंनी हे आयुष्यात केलं नाही. रचलेलं रीडिंग त्यांना लांबून ओळखू यायचं. "रचणारा भित्रा असतो. तोच आकडा दोनदा लिहायची त्याची छाती होत नाही. खऱ्यात आकडा परत येतो, आणि मधेच एखादा भलताच येतो. तो भलता आकडाच खरं सांगतो." जर्नलवर ते लाल फुली मारत नसत. कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक 'पु.' लिहायचे. पुन्हा घे. बस्स, एवढंच. ओरडणं नाही, कान पिळणं नाही.

तो बर्फातला खेळ त्यांच्या मुलीने, मृणालने, निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवर टाकून दिला होता. बर्फाच्या मुलखात एकटा माणूस, त्याने भूक, थंडी आणि लांडगे यांतून जगायचं. जीव एकच. माणूस मेला की डाव आपोआप पुसला जातो. बाकीचे लोक हा खेळ खेळतात. भाऊंनी त्याचं प्रॅक्टिकल केलं. खरा डाव वेगळा आणि चाचणीचा वेगळा. चाचणीच्या डावात मुद्दाम लांडग्याच्या तोंडी जायचं, आणि झटापटीनंतर शंभरातला किती जीव उरला तो आकडा वहीत मांडायचा. सुरी, सळई, कुऱ्हाड. दोन सदरे, लोकरीचा कोट, कातड्याचा कोट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, प्रत्येक जोडीची दहा रीडिंगं. लांडग्याने झेप घेतली की एक बटण भराभर दाबावं लागे. बोट जितकं चपळ, तितका जीव वाचे.

आणि नेमका भाऊंचा हात कापायला लागला. पहिल्यांदा बशी वाजली, मग स्क्रू सापडेना. वलसाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. गोळी घेतली की तासभर हात शांत राही, मग परत तेच.

तेव्हा भाऊंनी ठरवलं की खऱ्या डावातला माणूस, ज्याला त्यांनी तीनशेवर दिवस जगवलं होतं, तो हात चालतोय तोवर नकाशाच्या दुसऱ्या टोकाच्या दीपगृहावर पोचवायचा. "तिथे पोचलो की बास. मग हात हलू दे नाहीतर गळून पडू दे." वाटेत लांडग्यांची खिंड होती. लोकरीच्या कोटाने जीव वाचायचा, पण तो जड, माणूस हळू चालायचा. खिंड ओलांडेपर्यंत गोळीचा तास संपला असता. कातड्याचा कोट हलका. कातड्याचा कोट आणि कुऱ्हाड, एवढीच जोडी तपासायची राहिली होती.

"ही दहा तू घे," भाऊ मला म्हणाले. "माझा हातच बदलत राहिला, तर एकच गोष्ट बदलली असं कसं म्हणू? तुझा हात मीच तयार केलाय."

दुपारी ते आत झोपले असताना मी बसलो. लांडगा वेळेवर येत नाही. बर्फात हिंडायचं, ओरडणं ऐकू आलं की तिकडे जायचं. पहिलं रीडिंग एकाहत्तर. दुसरं अडुसष्ट. एवढ्यातच दीड तास गेला. पंखा गरम वारा फेकत होता, मला तलासरीला परत जायचं होतं, आणि मनात म्हटलं, शेवटी खेळच तर आहे. मी पेन उचललं. सहासष्ट, त्र्याहत्तर, सत्तर, एकोणसत्तर, बहात्तर, सदुसष्ट, चौऱ्याहत्तर, पासष्ट. मुलांना इतकी वर्षं पुरवले तसे आठ आकडे. दोन मिनिटंही लागली नाहीत.

भाऊ उठले. सरासरी तोंडी काढली. "साडेएकोणसत्तर. झकास! एकही वाईट गेलं नाही?"

"नाही भाऊ."

"मग कातड्याचाच."

खिंडीच्या दिवशी मी तिथेच होतो. त्यांनीच मुद्दाम बोलावलं होतं. गोळी घेतली, घड्याळ समोर ठेवलं, पंचा घट्ट पिळून खांद्यावर टाकला. वहिनी म्हणाल्या, "लाइट गेली तर?" भाऊ म्हणाले, "तू नाव काढू नकोस."

खिंडीच्या तोंडाशी त्यांनी माणसाला थांबवलं. दोन्ही कोट त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होते, त्यातला एक इथेच टाकून पुढे जायचं होतं. "शेवटचं विचारतो, कातड्याचाच ना?" तेव्हा मला सांगता आलं असतं. लोकरीचा घाला भाऊ, एवढे तीन शब्द. मी मान डोलावली.

पहिला लांडगा उजवीकडून आला. भाऊंचं बोट सुतारपक्ष्यासारखं चाललं. एकोणसत्तर उरले. "बघ!" ते म्हणाले. "तुझ्या वहीतला आकडा." चाळीस मिनिटं झाली होती. खिंडीचा शेवट दिसायला लागला, पलीकडे दीपगृहाचं पांढरं टोक. वहिनी चिकू टाकून मागे येऊन उभ्या राहिल्या. दुसरा लांडगा आवाज न करता मागून आला. झेप, बटण, बटण, आणि काहीतरी टरकन फाटल्याचा आवाज. कोट फाटला होता. एकोणसत्तरावरून जीव सरळ घसरत गेला आणि कुठे थांबलाच नाही.

पडदा काळा झाला. डाव पुसला गेला.

भाऊंनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला. तो अजून शांत होता. वहिनी म्हणाल्या, "अहो, खेळ होता." भाऊंनी कॉम्प्युटर बंद केला.

आठवड्याने त्यांनी मला बोलावून वही दाखवली. गोळी घेऊन, चाचणीच्या डावात त्यांनी स्वतः चार रीडिंगं घेतली होती. सत्तर, चोवीस, एकाहत्तर, एकोणतीस. "तुझी दहाच्या दहा सत्तरीच्या आसपास. माझ्या चारात दोन तिशीच्या खाली. लांडगा तोच, कोट तोच, कुऱ्हाड तीच. मग बदललं काय?" त्यांनी हात वर केला. "हा."

मला वाटलं, आता सांगावं. "भाऊ, गोळीचा डोस बघायला हवा," असं काहीतरी मी बोललो. माणूस स्वतःवर संशय घेत होता, आणि मी त्याला डोस सांगत होतो.

त्या दिवसानंतर त्यांनी दुरुस्ती बंद केली. रानशेतच्या शाळेचा तराजू अर्धा उघडून ठेवला होता, तो तसाच बांधून परत पाठवला. "गोळीवरसुद्धा हात भरवशाचा नाही म्हणून सांगा." मीही चिखल्याला जाणं हळूहळू टाळू लागलो. शाळेत काम आहे, तब्येत बरी नाही. खरं कारण हेच होतं की त्यांच्या घरात तो कॉम्प्युटर होता आणि त्याशेजारी ती वही.

गेल्या थंडीत भाऊ गेले. साधा ताप छातीत उतरला. दिवस झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. "ही वही तुमच्यासाठी काढून ठेवलीय."

मी माझं पान उघडलं. दहा आकडे, एकही परत न आलेला, एकही भलता नाही. खाली कोपऱ्यात पेन्सिलीने 'पु.' लिहिलं होतं. अक्षर इतकं थरथरलेलं की नवख्याला वाचता आलं नसतं.

"हे कधी लिहिलं त्यांनी?"

"पावसाळ्यात. एक दिवस वही घेऊन बसले आणि हसायलाच लागले. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, सुरेश घाबरला गं. मी म्हटलं, फोन लावू का त्यांना? तर म्हणाले, नको, तो येईल, आपणहून सांगेल." वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "रविवारी तुमचा कप काढून ठेवायला लावायचे."

मी त्यांना सगळं सांगितलं. शाळेतल्या मुलाने सांगावं तसं, खाली बघून. ऐकून झाल्यावर वहिनी उठल्या, कॉम्प्युटरवरचं कापड काढलं आणि चिकूची पाटी घेऊन शेजारी बसल्या. "मग घ्या ना पुन्हा," म्हणाल्या. "त्यांनी लिहिलंय तसं."

वहीचं नवं पान काढलं. कातड्याचा कोट, कुऱ्हाड. बर्फात हिंडलो. पहिला लांडगा यायला अर्धा तास गेला. सत्तर. दुसरा, एकाहत्तर. तिसरा, परत एकाहत्तर. तोच आकडा दोनदा लिहिला. चौथ्याला मागून आवाज आला नाही, नुसती झेप, आणि टरकन कोट फाटला.

"किती?" वहिनींनी विचारलं.

"सव्वीस," मी म्हणालो, आणि लिहिलं.