रुसैलच्या गोदामातल्या गोधड्या

मस्कतजवळच्या रुसैलच्या गोदामात मी स्टोअरकीपर. मालाची नोंद व्हायची, किस्से मात्र बिननोंदीचे साचत गेले. येमेनमध्ये लढाई पेटली, तेव्हा मस्कतच्या लुथरन ख्रिश्चन मंडळींनी तिकडे मदत पाठवायला घेतली. अमेरिकेतल्या त्यांच्या चर्चच्या बायकांनी शिवलेल्या रजया यायच्या. आमच्या ओमानी मालकाने, अर्बाबने, त्यासाठी एक कोपरा दिला होता.

*

माझी बायको सुषमा संगमेश्वरची. रजई बघून म्हणाली, "अहो, ही तर गोधडी. टाके केवढे लांब घातलेत!"

म्हटलं, "अगं, लोकांनी प्रेमाने पाठवलंय."

"प्रेम असू दे. उसवेल. दोरा आणा."

पुढचे सहा शुक्रवार आमच्या घरी टाकेच चालले होते.

*

लेबलवर कुणाच्या चर्चचं नाव आधी लिहायचं, यावर जर्मन, स्वीडिश आणि तमिळ लुथरन तासभर बोलत बसले. अर्बाब ऐकत होता. शेवटी उठला.

"यल्ला, चला. नाव उद्या लिहा, ट्रक आज जातोय."

ट्रक बिननावाचाच गेला.

*

आमचा फोर्कलिफ्टवाला कुजूर रांचीकडचा, तिथल्या जर्मन मिशनऱ्यांपासून पिढीजात लुथरन. घड्या घालायला हेल्गाबाई यायच्या, वय पंच्याहत्तरच्या पुढे. महायुद्धानंतर जर्मनीत लहानपणी उपाशी राहिलेल्या.

कुजूरने मला विचारायला लावलं, "लड़ाई के बाद हमारी दादी हर इतवार जर्मनी के लिए मुट्ठीभर चावल चर्च में देती थी. पहुँचा क्या?"

बाईंनी हातातली घडी पुरी केली. मग म्हणाल्या, "भात एकदाच मिळाला होता. दुधात शिजवलेला. कुठून आला, ठाऊक नाही."

कुजूरने तिथूनच वडिलांना फोन लावला. "बाबा, पहुँच गया था."

*

सालेह हा येमेनी ड्रायव्हर. मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. लढाईत त्याची आई गाव सोडून गेली. दोन वर्षं पत्ता नव्हता. एका खेपेहून परतला आणि माझ्यासमोर खुर्चीत बसून राहिला.

"निर्वासितांच्या छावणीत ट्रकवरून रजया वाटत होतो," तो म्हणाला. "रांगेत आई दिसली."

"मग?"

"धावत गेलो. म्हटलं, अम्मा, चल पुढे, आधी तू घे. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि पुढच्या बायकांकडे बोट दाखवलं. म्हणाली, या माझ्या आधीपासून उभ्या आहेत."

"मग तू काय केलंस?"

"परत ट्रकवर चढलो, वाटायला लागलो. तिच्या पुढे एकतीस बायका होत्या."