टाळूवर थांबलेला हात

शांतामावशी, आम्ही जाफराबाद सोडलं तेव्हा ईश्वरी एकवीस दिवसांची होती. जीपमध्ये मी, मांडीवर ती, आणि दारात सासूबाई तोंड फिरवून उभ्या. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ-बाळंतीण उंबरा ओलांडत न्हाईत, आणि तुम्ही, एक मालिशवाली, तो रिवाज मोडायला लावत होतात.

घरात सगळे म्हणायचे, "किती गुणी लेकरू, रडतच न्हाई." दोन घोट पिऊन पोर घामाघूम व्हायची अन् झोपायची, आणि मी शहाणी ते कौतुकानं सांगायचे. टाळूवर तेल घालताना तुमचा हात थांबला. तुम्ही कान लावलात.

"पोरी, हे गुणी न्हाई, थकेल हाय. टाळू ताणलीय, आत घरघर करून राह्यलंय. जल्दी मोठा दवाखाना गाठ. पाप माझ्या माथी."

पुण्यातल्या डॉक्टरांनीही स्टेथोस्कोप डोक्यावरच ठेवला. मेंदूतल्या धमन्या जन्मापासूनच थेट एका मोठ्या शिरेत उघडत होत्या. रक्ताच्या त्या लोंढ्यानं हृदय दमत होतं, आणि फुगलेली शीर मेंदूच्या देठावर दाब देत होती. श्वास, गिळणं सगळं तिथूनच चालतं म्हणे. मांडीतून बारीक नळी नेऊन त्यांनी तो जोड बुजवला, दोनदा. पोर वाचली. गिळणं मात्र येईना. नाकातल्या नळीनं दूध, आणि गिळायला शिकवणाऱ्या मॅडमकडं आठवड्यातून तीन खेपा. मंग परत कसं येणार? ह्यांनी कंपनीत काम धरलं, आम्ही खोली घेतली.

पहिलं वर्ष मी पुण्यावर नुसती चिडून होते. कोणी बोलत न्हाई, कोणी विचारत न्हाई. खरं तर वरच्या मजल्यावरच्या काकू रोज माझ्यासाठी डबा ठेवून जायच्या. माझंच तोंड वाकडं होतं, आज त्याची लाज वाटते.

दीड वर्षाची असताना ईश्वरीनं दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास तोंडात घेतला. मी तिच्या गळ्याकडं बघत बसले. घास खाली गेला. ठसका न्हाई, काही न्हाई. तिनं दुसऱ्यासाठी तोंड उघडलं, आणि मी ताट बाजूला सारून ढसाढसा रडले.

आता कोणी गाव विचारलं की मी जाफराबादच सांगते. पण घर म्हटलं की ही भाड्याची खोली डोळ्यापुढं येते, कारण माझी लेक इथं जेवली. राग मानू नका मावशी. आम्हाला या घरी तुम्हीच धाडलंत.