सुतळी बॉम्बची ठेव

माझं माहेर वाईचं. दिवाळीत कृष्णेच्या घाटावर फटाके लावायचे आणि दगडी पायऱ्यांवरून आवाज उलटा अंगावर आला की खिदळायचं, असं आम्हा भावंडांचं चाले. सुतळी बॉम्बच्या वातीला उदबत्ती लावायची आणि मागे न बघता सावकाश चालत यायचं, ही माझी खासियत होती. मुलीच्या जातीला हे शोभत नाही असं आई म्हणायची आणि तरीही दारात उभी राहून बघायची. लग्न होऊन आष्ट्याजवळच्या एका खेड्यात आले तेव्हा मला भाकरी धड थापता येत नव्हती, पण बॉम्ब उत्तम लावता येत होता.

सासरी ऊस होता, एक जुनी दुभती म्हैस होती आणि तिचीच लेक होती, पहिल्यांदाच गाभण राहिलेली. तिला सगळे धाकटी म्हणत. माझे यजमान फौजेत होते. सासरे फार पूर्वीच वारले होते, त्यामुळे घरचा सगळा कारभार सासूबाईंचा. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. बाई कमी बोलायच्या, आणि बोलल्या की त्यावर कोणी काही बोलायचं नाही असा रिवाज होता.

पहिल्या दिवाळीला हे रजेवर आले. मी पत्रांतून घाटावरच्या बढाया मारल्याच होत्या. त्यांनी गावातल्या दुकानातून मुद्दाम सुतळी बॉम्ब आणले. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंघोळ करून, नवं जांभळं लुगडं नेसून मी अंगणात उतरले. घरातली बाकीची माणसं न्हाणीत नाहीतर चुलीपाशी होती. "तू लावतेस का मी लावू?" एवढंच ह्यांनी विचारलं. मी लावला, आणि सवयीप्रमाणे मागे न बघता चालत आले.

आवाज झाला आणि गोठ्यात खुंटा उपटल्याचा आवाज आला. धाकटी दावं तोडून अंगणातून सुसाट गेली ती थेट पाटाच्या चरीत जाऊन कोसळली. चार माणसांनी तिला वर काढलं. तिसऱ्या दिवशी ती गाभडली, मेलेलं रेडकू बाहेर आलं. मी ते पाहिलं आणि परसात जाऊन ओकले.

त्या पहाटे गावभर बॉम्ब वाजत होते, त्यामुळे म्हैस नेमकी कोणाच्या बॉम्बनं बुजली हे कोणी विचारलं नाही. आत्याबाईंनी गावातल्या टारगट पोरांच्या नावानं बोटं मोडली आणि मी मान खाली घालून ऐकलं. लुगड्याच्या पदराला ठिणगी लागून वाटाण्याएवढं भोक पडलं होतं. लुगडं घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ढकललं. भ्याले म्हणून गप्प बसले, दुसरं काही कारण नाही. हे रजा संपवून गेले आणि तेही गप्पच राहिले. रणात शूर असतील, आईपुढे नव्हते.

आठवड्याभरानं आत्याबाईंनी मला बोलावून सांगितलं, "आजपास्नं धाकटीचं समदं तूच बघायचं." वाईच्या पोरीच्या गळ्यात शेणघाण मारली, असं वाटून मी मनातल्या मनात चिडले. धाकटी तेव्हा कोणाला जवळ येऊ देत नव्हती. मी पेंड घेऊन जायची, ती शिंगं उगारायची, मी पाटी ठेवून पळायची. महिन्याभरानं तिनं माझ्या हातची पेंड खाल्ली. त्या दिवशी मी गोठ्यात बसून रडले. त्यानंतर मात्र आमचं जमलं. तिला धुताना मी वाईच्या गप्पा सांगायची, आणि ती माझ्या पदराला नाक पुसायची.

संक्रांतीच्या सुमारास ती पुन्हा गाभण राहिली. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे दिवाळी लांबली आणि तिचे दिवस बरोबर दिवाळीतच भरत होते. आत्याबाईंनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या की यंदाही गाभडली तर आष्ट्याच्या बाजारात न्यायची, बसून खायला घालणं परवडत नाही. दोनदा गाभडलेली म्हैस बाजारात कोण घेतं हे गावात कोणाला सांगावं लागत नसे. मी रात्रंदिवस तेवढाच विचार करायला लागले.

सकाळी दुधाच्या डेअरीवर रांग असायची. किटली हातात घेतलेल्या आम्ही वीस-पंचवीस बायका. दसरा झाला, दुकानात फटाक्यांची खोकी आली, तसा मी एकदा रांगेत विषय काढला. मी फक्त धाकटीचं सांगितलं, माझं नाही. तर काय, प्रत्येकीचं काही ना काही होतंच. शेजारच्या काकूंच्या गाईनं गेल्या दिवाळीत चार दिवस पान्हा चोरला होता. एकीचा बैल उसात शिरून हरवला होता. एकीचं कुत्रं जे गेलं ते परत आलंच नाही. आपल्या जनावरांच्या जिवावर उठणारा माल ज्या दुकानात आहे, तिथून आपण दिवाळीचा बाजार करायचाच कशाला, असं काकू म्हणाल्या. हे त्या सहज म्हणाल्या, पण रांगेत ते पक्कं ठरूनच गेलं.

गावात किराणा दुकान एकच. दुकानदाराला सगळे अण्णा म्हणत. जैन माणूस, अत्यंत सज्जन, आणि कोणालाही 'नाही' म्हणायची मनापासून भीती. त्याच्या घरी दिवेलागणीआधी जेवणं उरकायची, अंधारात एखादा किडा पानात पडून मरू नये म्हणून. घरचं कोणी कधी टिकलीसुद्धा फोडत नसे. पण गिऱ्हाईक मागतं, म्हणून दुकानात सुतळी बॉम्ब होते. आम्ही सात-आठजणी गेलो आणि सांगितलं की फुलबाजे, नळे, टिकल्या खुशाल विका, पण बॉम्ब आणि तोटे काढा, नाहीतर आमच्या पिशव्या दुसरीकडे भरतील. अण्णा हसला. बायकांनी चकल्या कराव्यात, दुकान मी बघतो, असं काहीसं म्हणाला.

मग आम्ही एसटीनं आष्ट्याला गेलो. रवा, मैदा, डालडा, पोहे, डाळं, खोबरं, सगळं तिथून आणलं. पिशव्या मांडीवर घेऊन येताना कंडक्टरनं विचारलं, गावात लगीन हाय का. पुरुष मंडळी कुरकुरली, कारण अण्णाच्या दुकानाच्या पायरीवर बसून तंबाखू मळायची त्यांची सोय गेली होती. जी ती शेजारीपाजारी विचारून पाहत होती की आमच्यातली कोणी चोरून दुकानात गेली का. काकू तर आजारी होत्या, तरी त्यांनी एक काडेपेटीसुद्धा घेतली नाही, आमच्या घरून विस्तव नेला.

सहा-सात दिवस अण्णा रिकाम्या दुकानात माश्या वारत बसला. एक दिवस भर दुपारी आमच्या दारात आला, डोक्यावर एक मोठं खोकं घेऊन. मी जुन्या म्हशीला पाणी दाखवत होते. आत्याबाई सोप्यात होत्या. तो उभ्या उभ्याच बोलला.

"आवं, मी इकत न्हाई आता. पण माल दुकानात ऱ्हायला तर पोरं मागत्यात, आन मला न्हाई म्हनवत न्हाई. दिवाळी सरूस्तवर तुमच्यात ठिवा."

आत्याबाईंनी दोन्ही हातांनी खोकं घेतलं. दुसऱ्याची वस्तू घरात आली की तिला स्वतःच्या वस्तूपेक्षा जपायचं, हा त्यांचा धर्म होता. एकदा कोणीतरी ठेवायला दिलेलं बी त्यांनी घरचं बी संपलं तरी पेरलं नव्हतं. मी आत जाऊन विचारलं, खोकं कुठे ठेवलं? त्या म्हणाल्या, "नीट ठेवलंय, सादळणार न्हाई." मी समाधानानं पुन्हा गोठ्यात गेले. आम्ही जिंकलो होतो. संध्याकाळी त्याच दुकानात जाऊन आम्ही सगळ्यांनी उरलासुरला बाजार केला, आणि अण्णाच्या आईनं आतून आम्हाला गूळ-शेंगदाणे पाठवले.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही कानवले तळायला बसलो. आत्याबाई लाटत होत्या, मी तळत होते. चुलीत उसाची चिपाडं. ती पेटली की तडतडतात आणि ठिणग्या वर उडतात, त्याची आम्हाला सवय होती. चुलीमागच्या भिंतीपलीकडे गोठा. धाकटी आता जड झाली होती, तिचा श्वास भिंतीतून ऐकू यायचा. कानवले ठेवायला आणखी एक परात हवी होती म्हणून मी चुलीवरच्या फळीकडे वर पाहिलं.

धुरानं काळवंडलेल्या त्या उंच फळीवर एरवी फक्त आत्याबाईंचा हात जाई, आणि घरात जे जे कोरडं राहायला हवं ते सगळं तिथे असे. काडेपेट्या, हळकुंडं, मीठ, लसणीच्या जुड्या. आणि त्यांच्या मधोमध, कोरडं खणखणीत, अण्णाचं खोकं.

मला घाटावरचा सगळा जन्म आठवला. झारा खाली ठेवला. ओलं फडकं डोक्यावर घेतलं, पाट ओढला, त्यावर चढले आणि खोकं दोन्ही हातांत घेतलं. ते बुडाशी चांगलं कोमट लागत होतं. आत्याबाई म्हणाल्या, आगं, दारात नको ठेवू, सादळंल. मी मागे न बघता सावकाश चालत अंगणात गेले आणि म्हशींना पाणी पाजायच्या दगडी दोणीत ते खोकं बुडवलं. वर हात दाबून धरले. बुडबुडे थांबेपर्यंत सोडले नाहीत.

मग माझं डोकं फिरलं. सासूला उलट बोलण्याची माझी ती पहिली वेळ. घर उडालं असतं, भिंतीपलीकडे म्हैस आहे, कोणी चुलीवर बॉम्ब ठेवतं का, असं मी बरंच काही बोलले. आत्याबाई शांतपणे दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना माझ्या बोलण्याचं काही वाटलेलं दिसलं नाही, दुसऱ्याच्या ठेवीचा लगदा झाला त्याचं मात्र वाईट वाटलेलं दिसत होतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "तुला बॉम्बचं लय भ्या वाटतं म्हनायचं."

मी दोण घासायला घेतली. तिन्हीसांजेपर्यंत घासत होते, राखेनं, मग काथ्यानं, मग पुन्हा राखेनं, कारण धाकटीला तेच पाणी प्यायचं होतं. घासता घासता मला एकदम हसू फुटलं आणि आवरेना. आत्याबाई त्याच पावली दुकानात गेल्या आणि आपल्या हातून ठेव बुडाली असं सांगून आल्या. माझं नाव घेतलं नाही. अण्णा म्हणे हात जोडून म्हणाला की बुडालं तेच बरं झालं, हा माल आणल्यापासून आई माझ्याशी धड बोलत नव्हती.

नरकचतुर्दशीची पहाट आली. मी अंघोळीआधी गोठ्यात डोकावले तर धाकटी उठबस करत होती. मी आत्याबाईंना हाक मारली. बाहेर घरोघरी पाणी तापत होतं, उटण्याचा वास येत होता. एखादी टिकली फुटायची, कुठे नळा फुसफुसायचा, बाकी सगळं गाव शांत. मी गेल्या वर्षीच्या आवाजाची वाट बघत होते. तो कुठूनच आला नाही. उजाडता उजाडता धाकटी व्याली. रेडी झाली, काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. धाकटीनं तिला चाटायला सुरुवात केली आणि मी भिंतीला टेकून खाली बसले. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि हे मी ह्यांना पुढे तोंडावर सांगितलं आहे.

आत्याबाई म्हणाल्या, जा, न्हाऊन ये, ते जांभळं लुगडं नेस. मी म्हटलं, ते नको, ते जरा जुनं झालंय. त्या म्हणाल्या, नेस. मग नाइलाज झाला. ट्रंकेच्या तळातून लुगडं काढलं, पदर उलगडून भोक शोधलं. भोक नव्हतं. त्या जागी जांभळ्याच दोऱ्यानं, अगदी बारीक टाक्यांनी, रफू केलेलं होतं.

मी तशीच, ओल्या केसांनी, गोठ्यात आले. आत्याबाई रेडीला धाकटीच्या आचळाला लावत होत्या. मी पदर पुढे धरला.

"कवा कळलं तुमाला?" मी कसंबसं विचारलं.

"त्याच दिशी. वास येत हुता पदराला." त्यांनी वर पाहिलं नाही. "म्हनून तर म्हस तुझ्या हाती दिली."

मी वर्षभर ज्याला शेणघाण समजत होते ते काय होतं, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला बाजूला सारलं. माझ्या न्हवं, असं म्हणून त्यांनी धाकटीकडे बोट केलं. मी धाकटीच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं माझ्या जांभळ्या पदराला नाक पुसलं.

दुपारी मी चिकाचा खरवस केला आणि पहिली वाटी अण्णाच्या दुकानात नेऊन दिली.