तीर्थातली अबोली

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. निवृत्तीनंतर रक्तदाबाची गोळी चालू आहे, तरी फिरतं.

उत्सवाच्या सकाळी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून पोलीस पाटलाचा आमच्या ठाण्यात फोन आला. देवळातलं तीर्थ घेऊन सात-आठ माणसं ओकत होती, त्यात दोन लहान मुलं. ठाणे अंमलदाराने नोंद घेईपर्यंत गावाने आरोपीही ठरवून टाकला होता. देवळाच्या पायरीशी अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, विकणारी एक विधवा. तिचीच फुलं तीर्थात होती.

मी काय केलं? घटनास्थळी जाण्याआधी तिला ठाण्यात आणवून सगळ्यांसमोर बाकावर बसवलं आणि दरडावलं. ती हात जोडून म्हणाली, "साहेबानू, इतकी वर्सा देवाक फुला देतंय. मिया तीर्थात ईख घालीन?" मी ऐकून घेतलं नाही.

मग पंचनाम्याला देवळात गेलो. आमच्याकडे देवाला कौल लावतात. ओल्या पाकळ्या पाषाणाला चिकटवायच्या, कुठली आधी पडते त्यावरून देवाचा होकार-नकार समजायचा. पाषाणावर नारिंगी डाग होते. गुरवाला विचारलं, तर त्याने मान खाली घातली.

"पाकळी पडली, पण रंग देवाक लागान रवलो. देव कोपलो म्हणान मी कोणाक बोललंय नाय."

"आणि तीच फुलं घातलेलं तीर्थ पोरांना पाजलंस?" मी पंचांसमोरच ओरडलो.

समोरच्या परसातली अबोली खुडून आणवली. एका पेल्यात ती बुडवली, दुसऱ्यात देवळातल्या वळेसरातली. पहिलं पाणी स्वच्छ राहिलं, दुसरं बघता बघता नारिंगी झालं.

उत्सवाला घरची फुलं पुरली नाहीत म्हणून बाईने तयार वळेसर बांद्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून घेतले होते. तिथल्या पोलिसांना कळवून आम्ही छापा घातला. गोदामात कपडे रंगवायच्या रंगाने भरलेली बादली होती. व्यापारी आधी कानावर हात ठेवत होता. बादली पुढ्यात ठेवल्यावर बोलला.

"शिळी अबोली फिकी पडते, साहेब. वास तर तिला नसतोच. रंगात बुडवली की ताजी म्हणून दुप्पट भावाने जाते. फुलं काय कोणी खातं?"

मुद्देमाल जप्त केला, गुन्हा दाखल झाला आणि त्याला लगेच जामीनही मिळाला. निर्लज्ज जाताना मला नमस्कार करून गेला.

माणसं सगळी बरी झाली, हे नशीब. त्यानंतर पंचनाम्याआधी मी कुणालाही बाकावर बसवलं नाही. पण हा धडा मी दुसऱ्याच्या जिवावर शिकलो.

पुढे दोषारोपपत्रात त्या बाईचं नाव साक्षीदार म्हणून होतं. मी मुद्दाम तिच्या घरी जाऊन ते वाचून दाखवलं, माफीही मागितली. व्यापाऱ्याचं दुकान तोवर पुन्हा सुरू झालं होतं.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गावान माका पोलिसांच्या गाडीत बसताना बघितल्यान, साहेबानू. आता माझी फुला देवाक कोण घालतलो?"