धम्मानंदचा शेवटचा रोल

कुरुंद्यात कुणी मेलं की दोघांना निरोप जायचा. एक लाकडं फोडणाऱ्याला, दुसरा धम्मानंद खिल्लारेला. जिवंतपणी फोटो काढून घ्यायची सवड कुणाला होती? मग प्रेताला अंघोळ घालून खुर्चीत बसवायचे, मागून कुणीतरी मान धरायचं आणि धम्मानंद फोटो काढायचा.

नव्वदच्या सुमारास त्याने हे काम धरलं. गावातल्या लग्नांचे फोटोही तोच काढायचा. घरामागच्या अंधाऱ्या खोलीत रोल स्वतः धुवायचा. बायको करुणा फोटो दोरीवर वाळत घालायची. पुढं वसमतला डिजिटल स्टुडिओ निघाले आणि लग्नं तिकडं गेली. मयतीचं काम तेवढं त्याच्याकडं राहिलं. प्रेताजवळ जायला दुसरा कुणी फोटोवाला धजत नव्हता.

२००८ च्या उन्हाळ्यात तो रोल आणायला नांदेडला गेला. दुकानदाराने धूळ बसलेली खोकी पुढं केली.

"एवढेच हायेत. तारीख उलटून गेली. कंपनीनं बनवणंच बंद केलं."

"परत चालू होईल का?"

"मशीनी मोडीत काढल्या म्हणतात. कोण चालू करून राहिलं आता?"

धम्मानंदने तेच रोल उचलले.

आठवड्याभरात उकंडरावांची बायको आशाबाई गेली. तापाचं निमित्त झालं. धम्मानंदने फोटो काढला, दुपारी घरच्यांनी तिला अग्नी दिला. संध्याकाळी रोल धुतला, तर सबंध पट्टी काळी उठली. चेहऱ्याच्या जागी नुसता डाग होता. करुणाने ती कंदिलासमोर धरून पाहिली आणि खाली ठेवली.

आता जुन्या निगेटिव्ह शोधणं आलं. उकाड्यानं आणि दमटपणानं त्यातल्या कितीतरी एकमेकींना चिकटल्या होत्या. उकंडरावांच्या लेकीच्या, पुनमच्या लग्नातली एक धड निघाली. तीत आशाबाई होती, पण डाव्या गालावर पदर ओढलेली. लहानपणी देवीच्या आजारात तिचा डावा डोळा गेला होता. ती कॅमेऱ्यासमोर कधी उघड्या तोंडानं आलीच नव्हती.

निगेटिव्ह घेऊन तो वसमतला शीतलच्या स्टुडिओत गेला. शीतलने कॉम्प्युटरवर चेहऱ्याचा उजवा भाग उलटा करून डावीकडं जोडला. टपोऱ्या दोन डोळ्यांची बाई समोर उभी राहिली.

"काका, बराबर झालं ना?"

धम्मानंद पाहत राहिला. "दिसते तर चांगली," एवढंच म्हणाला.

उकंडरावांच्या घरी फोटो नेऊन दिला, तेव्हा पुनम तो छातीशी धरून रडली. "आईला असं कुनी पायलंच न्हाई."

उकंडरावांनी मात्र फोटो हातात घेतला नाही.

"ही कोन हाय?"

"आबा, आशाकाकूच हाय."

"माही एकाच डोळ्यानं बघायची. चाळीस वर्सं तसंच पायलं तिनं माह्याकडं. तू त्या दिशी काढलेला फोटो कुठं हाय?"

धम्मानंदला खरं सांगावं लागलं. रोल जुना होता, काळा पडला.

"पन त्यात ती हाय ना?"

"हाय, आबा. दिसत न्हाई."

"मंग तेच आन."

त्याने ती काळी पट्टी आणून दिली. म्हाताऱ्याने ती उन्हात धरली, उलटीसुलटी केली. बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिला. शेवटी मुंडाशात खोचली आणि आत गेला. त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं धम्मानंदला वाटलं.

उरलेले रोल त्याने उघडलेच नाहीत. दिवाळीच्या आत दुकान बंद केलं आणि वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानात कामाला लागला.

पुढं एकदा शिरड शहापूरला पुनमच्या सासरी तो पाणी प्यायला थांबला. भिंतीवर हार घातलेला तोच दोन डोळ्यांचा फोटो होता.

"ही माही आजी," पुनमच्या लेकरानं बोट दाखवलं. "तुमी ओळखत व्हते का?"

"व्हय," धम्मानंद म्हणाला. पाणी अर्धंच पिऊन त्याने तांब्या खाली ठेवला.