स्क्रूवरचे गुलाबी ठिपके

दादा गेला त्या सकाळी मला जिन्यात दादाची गाण्याची मशिनं दुरुस्त करणारा मिस्तरी भेटला. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड त्याने छातीशी धरलं होतं. मी विचारलं, "काय घेऊन चाललात?" तर म्हणाला, "दादांनी दिलंय. थोडं काम आहे." आणि भिंतीला चिकटून खाली उतरला. माझ्याकडे धड बघितलंही नाही.

दुपारी दादा खुर्चीत बसल्या बसल्या गेला. वहिनी स्वयंपाकघरात होती, तिला वाटलं गाणी ऐकता ऐकता डोळा लागला असेल. रेकॉर्ड संपून सुई नुसती खरखरायला लागली तेव्हा ती बाहेर आली.

सगळे रडत होते, मीही रडत होते, पण माझ्या डोक्यातून ती चादर जाईना. कारण दादाच्या घरातून मशीन बाहेर जात नसे.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचा, असा हात. आणि नाद एकच, गाण्याची जुनी मशिनं. अँप्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, टेप, कपाटाएवढे स्पीकर. बाहेरची सगळी खोली त्यांची, माणसांनी कडेकडेने जायचं. जुनी तर आणायचाच, पण कुणी ढुंकून बघत नाही ती पण आणायचा. चंदेरी प्लास्टिकचे सीडी प्लेअर, रिमोटवाले सेट. म्हणायचा, "आज लोक फुकट देतायत. वीस वर्षांनी शोधत येतील." वहिनी म्हणायची, "येऊ देत, पण तेव्हा दार उघडायला कोण असणार?" "मी आहे की. ह्याच खुर्चीत."

एकदा, फार पूर्वी, त्याने एक मशीन दुकानात दुरुस्तीला दिलं होतं. परत आलं ते वरून तेच आणि आतून पोकळ. चांगले पार्ट काढून भलतेच घातलेले. आवाज पत्र्यासारखा. तेव्हापासून दादाचा माणसावरचा विश्वासच उडाला. मिस्तरीने घरी यायचं, दादाच्या डोळ्यांदेखत मशीन उघडायचं. काम झालं की दादा बॅटरी मारून आत बघणार, मग झाकण लावणार आणि प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा एक ठिपका ठेवणार. कुणी स्क्रू फिरवला की ठिपका तडकतो, चोरी कळते. रंग गुलाबी, वहिनीच्या लग्नाच्या वेळचा. आता तो कुठे मिळत नाही. शेवटची बाटली ड्रॉवरमध्ये कुलपात आणि किल्ली दादाच्या बनियनच्या खिशात. वहिनी म्हणायची, "माझ्या नखांना कधी हात लावला नाही, स्क्रूंचे लाड बघा."

आता सांगा, असा माणूस मशीन बाहेर देईल?

दोन दिवसांनी मी फळीवर बघितलं. काळ्या तोंडाचा अँप्लिफायर नव्हता. दादाचा पहिला, सगळ्यात लाडका. तिथे धुळीत नुसता चौकोन. वहिनीकडून किल्ली घेतली, ड्रॉवर उघडला. बाटली पण नाही.

ज्याच्याकडे ती बाटली, त्याने काहीही उघडावं, आतलं काढावं, वर ठिपका ठेवावा. बाहेरून कुणाला कळणार? मी चष्मा लावून एकेक मशीन बघायला बसले. जुन्यांवर ठिपके मोत्यासारखे. पण अलीकडे आणलेल्यांवर ठिपके पसरलेले, स्क्रूच्या बाहेर ओघळलेले, कुठे तर नुसता फराटा. दादाचा हात असा नाही. आंधळ्यालाही कळलं असतं.

मी वहिनीला म्हटलं, "घात झालाय. दादा झोपला की तो मिस्तरी मशिनं उघडत असणार."

"वन्सं, मिस्तरी तसा नाही हो."

"तुला सगळे चांगलेच दिसतात. म्हणून तर तो आपल्याला उल्लू बनवून गेला."

मी तडक त्याच्या दुकानात गेले. शटर अर्धं खाली. वाकून बघितलं तर अँप्लिफायर टेबलावर, झाकण काढलेलं, आतड्यासारख्या वायरी बाहेर. मला बघून तो उठून उभा राहिला.

"बाटली कुठाय?"

"आहे माझ्याकडे."

"कुणी दिली?"

तो हातातलं कापड चोळत राहिला. मग म्हणाला, "ताई, घरी येतो. वहिनींसमोर सांगतो."

"इथे सांगायला तोंड नाही का तुम्हाला?"

"घरी येतो," एवढंच परत म्हणाला. मी मनात म्हटलं, आला तर नाव बदलीन. पळून जायला वेळ मागतोय.

पण आला. त्याच चादरीत गुंडाळून घेऊन आला. टेबलावर ठेवलं, चादर काढली आणि मी आधी स्क्रू बघितले. एकावरही ठिपका नव्हता. सगळे उघडे, नुसते अडकवलेले, हाताने फिरतील असे. त्याने खिशातून बाटली काढून शेजारी ठेवली.

"एका बाजूचा आवाज जात होता. पार्ट सगळे त्यांचेच आहेत, सांधा सुटला होता फक्त. आत बघा. बघितल्याशिवाय ते ठिपका लावत नव्हते, मी कसा लावणार?"

मी म्हटलं, "आणि ह्या बाकीच्यांवर कुणी लावले? हे फराटे?"

तो वहिनीकडे बघून बोलला. "त्यांनीच. हात थरथरायला लागले होते. ब्रश धरवत नव्हता. पाट्यांचं काम म्हणून तर सोडलं. तुम्हाला कळू द्यायचं नाही, म्हणाले. त्या दिवशी ह्याच्यावर फराटा नको म्हणाले, हा पहिला आहे. इथे तू ठिपके लावलेस तर हिला कळेल, तू घेऊन जा, कर, आणि ठिपकेही तूच लाव. स्वतः किल्ली काढून बाटली दिली."

वहिनी म्हणाली, "मला म्हणाले होते, पाट्यांचा कंटाळा आला."

मी ड्रॉवरचं कुलूप आठवत होते. ते फोडलेलं नव्हतं. किल्ली दादाच्या अंगावरच सापडली होती. आणि फसवायचं असतं तर ह्या माणसाने ठिपके लावून आणले असते, बाटली ड्रॉवरमध्ये गुपचूप टाकली असती, मला काय कळणार होतं.

तरी मी दादाची बॅटरी घेतली. झाकण काढायला लावलं आणि आत बघितलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण बघितलं, सगळ्या कोपऱ्यांत, दादा बघायचा तसं. मिस्तरीला राग आला नाही. त्याला सवय होती.

झाकण बसलं, स्क्रू आवळले. बाटली मी त्याच्यापुढे सरकवली. त्याने मान हलवली, "घरातल्या कुणीतरी लावा." वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी बाटलीचं झाकण फिरवलं, ब्रश निथळवला आणि पहिल्या स्क्रूवर टेकवला.

वहिनी वाकून बघत म्हणाली, "वन्सं, तुमचा पण बाहेर गेला."